घरगुती सामान

६ जानेवारी, ऑफिसातून

दादा,

तुझ्या हमालाला मी कामावरून काढतेय. नंतर ‘मला कुणी कळवलं नाही’ असं व्हायला नको, म्हणून आधीच सांगते. माझा फोन तुला लागत नाही, ईमेल परत येतात, तेव्हा शाळेनंतर पहिल्यांदाच कागदावर लिहायची वेळ आली. पत्ता आईने दिला, पण ‘तिकडे जाणार नाही’ असं माझ्याकडून वदवून घेतल्यावर. मी काय, तुझ्या दारात धरणं धरून बसणार होते?

तर हमाल. लॅबमधून निघालेला रिपोर्ट डॉक्टरच्या स्क्रीनवर पोचेपर्यंतचं सगळं ओझं अजूनही आपल्या प्रोग्राममधलं तुझं ते एकच फंक्शन वाहतं. घेतो, रांगेत ठेवतो, लाइन तुटली तर धरून बसतो, जोडली गेली की पलीकडे देतो. काम चोख करतो, नाही म्हणत नाही मी. पण त्याचं डिक्लरेशन बघ, तू काय घेणार-काय देणार सांगणारी वरची ओळ. ‘कुठल्याही टाइपची वस्तू घेईन आणि तीच परत देईन.’ बस. याला काय डिक्लरेशन म्हणायचं?

नव्या लोकांना मी पहिल्या दिवशी सांगते, टाइप म्हणजे डब्यावरचं लेबल. ‘मीठ’ लिहिलेल्या डब्यात साखर ओतायला गेलात तर कोड तपासणारा कंपायलर तुमचा हात धरेल. आणि मग पुढचीच फाइल उघडली की त्यांना तुझा डबा दिसतो, ज्याच्यावर लिहिलंय, आत काही का असेना. टेस्टिंगवाली परवा मला म्हणते, “मॅडम, हे लेबल आहे की लेबल न लावल्याची पावती?” मी काय उत्तर देऊ? तुझ्या वतीने बोलायचं कंत्राट मी घेतलेलं नाही.

शिवाय मोठ्या हॉस्पिटलला आता आलेख हवेत. पेशंटचे आधीचे सगळे रिपोर्ट एका रेषेत दिसले पाहिजेत. रेषा काढायला आकडे लागतात, आणि तुझ्या हमालाला आपण आकडे वाहतोय की कांदे, याचा पत्ता नाही. म्हणून मी नवीन फंक्शन लिहितेय. ते फक्त रिपोर्टच घेईल, आणि रिपोर्टच्या आत आकडा असतो हे त्याला ठाऊक असेल. चार वर्षं मी तुला हेच सांगत होते.

दुसरी गोष्ट. आज तुझी पेटी पोस्टात टाकली. दर महिन्याला आई बांधते, मी नेते, आणि मला विचारायची परवानगी नाही. खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, “आत काय आहे?” म्हटलं, माहीत नाही. “पेटी तुमचीच ना?” म्हटलं, आईची. “मग आईला विचारून या, इथे भरावं लागतं.” मी तशीच उभी राहिले. मागची रांग चुळबुळायला लागली तेव्हा तो वर न बघता म्हणाला, “घरगुती सामान लिहा आणि सोडा.” म्हणजे तिथेही तुझंच राज्य.

लिहिता लिहिता दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आले. तुला लिहिताना बसवत नाही मला. तू ऑफिसच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेलास त्याला दुसरं वर्ष लागलं. रोज दुपारी उठून जायचास, संध्याकाळपर्यंत तुझा पत्ता नसायचा. सगळे ताटकळत बसायचे, म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, कुठे जातोस? मी तुझी भागीदार होते, बहीण नंतर. विचारलं त्यात काय बिघडलं? कुठे जात होतास, दादा?

चौकशी
(तूच ठेवलेलं नाव. आई अजून त्याच नावाने हाक मारते आणि शेजारचे दचकतात.)


१९ जानेवारी, गाडीत बसून

दादा,

नवीन फंक्शन कामाला लागलं. आलेख इतके सुंदर येतात की मी उगाच उघडून बघत बसते. ज्याला आपण काय वाहतोय ते कळतं, तो किती कामाला येतो. त्याला आकडा दिसला की तो स्वच्छ करून घेतो, इकडचं तिकडचं चिकटलेलं काढून टाकतो आणि पुढे पाठवतो. टेस्टिंगवालीने सगळे नमुने चालवून पाहिले, एकही अडला नाही. तिनेच सगळ्यांना चहा पाजला. तुला कळवल्याशिवाय राहवलं नाही, हे माझं नशीब.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी पोस्टाबाहेर गाडी लावून बसलेय. मांडीवर तुझी पेटी आहे आणि ती उघडी आहे.

आईने या वेळी पंधरवड्यातच दुसरी बांधली. का, ते सांगितलं नाही. ‘आजच्या आज टाक’ एवढंच म्हणाली. पेटी हातात घेतल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. हलवून पाहिली, दाबून पाहिली. मग सुतळी सोडली. झाकण वर केलं. आता ओरड.

तुझा स्वेटर आहे, तिने नवीन विणलेला, करडा. ते ठीक. गरम पाण्याची रबरी पिशवी, तीही ठीक. पण हा चमचा कुणाचा? वाकड्या दांड्याचा, ज्यांची मूठ धड वळत नाही त्यांना देतात तसा. आणि हे मोजे? माझ्या तळहातावर मावतात, दादा. करड्याच लोकरीचे, तुझ्या स्वेटरच्या उरलेल्या गुंड्याचे. कुणाचे पाय आहेत हे? कधीपासून? आईला सगळं माहीत आहे? दुपारी तू यांच्याकडेच जात होतास? आमच्यापासून लपवण्यासारखं काय होतं त्यात? मी तुझी कोण आहे?

मोजे चुरगळून कोंबले होते. मी त्यांची नीट घडी घातली, चमचा स्वेटरमध्ये गुंडाळला म्हणजे टोचणार नाही. तिच्यापेक्षा बरी बांधली आहे पेटी, खरं सांगायचं तर. गाठ तेवढी तिच्यासारखी जमत नाही. तीन वेळा मारली. दुकानात आयुष्यभर पार्सलं बांधून तिने ती आडवी गाठ हाताला लावून घेतली आहे, माझी बुटाच्या नाडीसारखी दिसते.

क्लार्कने परत विचारलं तर या वेळी मला नीट भरता येईल.

चौकशी


२ फेब्रुवारी

दादा,

आज छोटं लिहिते.

सकाळी एका डॉक्टरांचा फोन आला. कॅन्सरचे आहेत, सावकाश बोलतात, म्हणून आणखी भीती वाटली. त्यांचे एक पेशंट आहेत, शाळेची बस चालवतात. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. काही सापडलं नाही तर लॅबचं मशीन ‘०.२ पेक्षा कमी’ असं लिहितं. म्हणजे आकड्याच्या आधी ती छोटी खूण, तुला माहीतच आहे, पेक्षा-कमीची. या वेळी डॉक्टरांच्या स्क्रीनवर नुसतं ०.२ आलं. आणि त्यांच्या शास्त्रात ०.२ ही रेघ आहे, दुखणं उलटलं म्हणायची. त्यांनी नवरा-बायकोला बोलावून तसं सांगितलं. पुढच्या उपचाराची तारीखही ठरली.

मग तयारी करताना त्यांनी माझा सुंदर आलेख उघडला. आधीचे सगळे महिने ०.२ वर सपाट. “मी स्वतः ‘काही नाही’ असं लिहिलेल्या महिन्यांतही तुमचा आलेख ०.२ म्हणतोय,” ते म्हणाले. “हे कसं?”

हे कसं ते मला त्याच क्षणी कळलं. इकडचं तिकडचं चिकटलेलं काढून टाकतो असं मी तुला लिहिलं होतं ना? ती खूण म्हणजे मला चिकटलेलं वाटलं. मला नुसता आकडा हवा होता. आपल्या नमुन्यांत सगळे सरळ आकडेच होते, त्यामुळे अडलंही नाही कुठे.

सगळं थांबवलं आहे. तुझा हमाल परत आणून उभा केलाय. लागल्यापासून गेलेले सगळे रिपोर्ट मूळ प्रतींशी लावून बघतोय, मी आणि टेस्टिंगवाली. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतेय.


८ फेब्रुवारी

दादा,

बाकी कुणाचं बिघडलं नव्हतं. खुणा गळलेले आणखी रिपोर्ट सापडले, पण त्यांवर अजून कुणी काही ठरवलं नव्हतं. हे माझ्या हुशारीमुळे नाही, हे मला कळतं.

बसवाल्यांच्या घरी जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, गरज नाही, मी समजावलं आहे. पण मला चैन पडेना. तिसरा मजला, लिफ्ट बंद. ते दाराशीच बूट पुसत बसले होते. बायकोने मला स्वयंपाकघरात टेबलापाशी बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. बसली नाही.

“म्हणजे मशीनने बरोबर सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि डॉक्टरांनी त्यांना जे दिसलं ते बरोबर वाचलं.”

“हो.”

“मग मधे कोण होतं?”

“मी.”

“तुमचं काम काय होतं?”

“पोचवायचं.”

“एवढंच?”

तिने ओरडून विचारलं असतं तर मी माफी तरी मागितली असती. ती खरंच समजून घेत होती. तिकडून नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, चुकतं माणसाचं.” मग मला म्हणाला, “मी मात्र मुलाला गाडीच्या किल्ल्या देऊन मोकळा झालो होतो. आता परत मागायच्या म्हणजे पंचाईत.” आणि हसला. बायको नाही हसली. तिच्या डोळ्यांखाली जे होतं ते चार दिवसांत आलेलं होतं, आणि ते मी आणलं होतं.

घरी आले तो रविवार. तुझ्या फोनची वेळ झाली तशी आई नेहमीसारखी फोन घेऊन बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. नेहमी अर्धा तास लागतो. या वेळी लगेच बाहेर आली. फोन टेबलावर ठेवला.

“पेटी तू उघडलीस,” म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हटलं, “कशावरून?”

“तो म्हणाला, गाठ तुझी नाही, आई. यापुढे पाठवू नकोस.” आणि थोडं थांबून, “मी कामाला होते तिथे लोक लाकडी घोडे पाठवायचे, काचा पाठवायचे, एकाने तर बायकोचे केस पाठवले होते. मी बांधायचे. तू माझी मुलगी ना?”

मग विणकाम घेऊन बसली. सुया हलत नव्हत्या.

दादा, माझ्या मनात काही वाईट असतं तर गोष्ट वेगळी. मी फक्त बघितलं, आणि नीटच करून ठेवलं. तरी असं होत असेल तर माणसाने करायचं काय? मी सगळ्या घरात फिरतेय. एका खोलीत बसले की दुसऱ्या खोलीत काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.


२३ फेब्रुवारी, ऑफिस, सगळे गेल्यावर

दादा,

दोन रविवार तुझा फोन आला नाही. आई वेळ झाली की बाल्कनीत जाते, दार लावते, आणि आत काही बोलणं नसतं. काचेतून पाठ दिसते. परवा तर मोबाईल उलटा करून बघत होती, जसा काही तो बिघडलाय. आई पंच्याहत्तरीची आहे आणि तुझ्यापर्यंत जाणारा तिचा एकच धागा आहे, आणि तो मी तोडून ठेवला असेन तर मी या घरात तिच्यासमोर जेवायला कशी बसू? माझ्याशी नको बोलूस. तिला फोन कर. बाकी मला काही मागायचं नाही.

आता दुसरं सांगते. हे तुला ऐकायला आवडेल, आणि तू समोर नाहीस म्हणूनच मला सांगता येतंय.

मंगळवारी मी एक खोडसाळपणा केला. तुझा जुना हमाल उघडला आणि त्याच्या पोटात माझं ते खूण काढायचं काम घालून पाहिलं. मुद्दाम. टेस्टिंगवाली शेजारी खुर्ची ओढून बसली. कंपायलरने दिलं फेकून. मी वेगळ्या वाटेने घातलं, परत फेकलं. ‘या वस्तूला असं काही करता येईल याची खात्री नाही.’ अर्थात नाही. तू वरच लिहून ठेवलं होतंस ना, वस्तू कुठलीही असू शकते. मग ती आकडाच आहे असं धरून तिला हात लावायचा अधिकार त्याला कुठून मिळणार? कापायचं म्हटलं तर काय कापायचं, पुसायचं म्हटलं तर काय पुसायचं? टेस्टिंगवालीला वाटलं मी हट्टाला पेटले. पेटलेच होते. शेवटी म्हटलं, बरं, हात लावत नाही, वस्तूच बदलते. घेतलेली टाकून देते आणि दुसरीच नवीन बनवून पलीकडे देते. तेही जमेना. जिचा टाइप ठाऊक नाही ती बनवणार कशी? हातात जी आहे तीच द्यायची, दुसरी वाटच नाही.

टेस्टिंगवाली म्हणाली, “म्हणजे हा फक्त वाहू शकतो.”

आम्ही दोघी त्या एका ओळीकडे बघत बसलो. मी चार वर्षं म्हणत आले की ही ओळ काहीच सांगत नाही. पण ती एक वाचली की खालचा सगळा कोड न वाचता मला सांगता येतं की हा माणूस माझ्या रिपोर्टला बोट लावणार नाही. माझ्या नव्या फंक्शनचं डिक्लरेशन चांगलं लांबलचक होतं, रिपोर्ट, आत आकडा, आकड्याला एकक. आणि त्या लांबलचक ओळीवरून तो आत काय काय करेल याची काहीही खात्री देता येत नव्हती. त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याला सगळं करता येत होतं. मी त्याच्याकडून करूनही घेतलं.

तू एकदा वैतागून म्हणाला होतास, झाकण काढून ठेवलेला डबा आणि झाकण लावलेला डबा यात तुला फरकच दिसत नाही. मला खरंच दिसत नव्हता. ‘काहीही चालेल, नंतर उघडून बघू’ असं लिहिणारे आळशी लोक मी खूप पाहिलेत, आणि तुला त्यांच्यातच धरत होते. तू तर उघडायची सोयच ठेवली नव्हतीस.

हमाल राहतोय. आलेख शेवटच्या टोकाला, डॉक्टरच्या बाजूला काढतोय, तिथे सगळं नेमकं लिहिलंय, खूण वेगळी, आकडा वेगळा, दोन्ही दिसतात. बघायचं तिथे बघायचं. मधे नाही.

उठून पाणी पिऊन आले. हे संपवून टाकावं असं वाटत होतं, पण आणखी एक आहे.

मी त्या घरातून परत आले तो दिवस आठवतोय? खाली तू टेम्पोवाल्याला घेऊन उभा होतास. मी जिना उतरत होते आणि सासूबाई, जाऊबाई, शेजारीण, दूधवाला सुद्धा, प्रत्येकाला कारण हवं होतं. घरी आई विचारणार, ऑफिसात विचारणार, हे दिसत होतं. तू वर आलास, बॅगा घेतल्यास, पुस्तकांची खोकी घेतलीस. पाच फेऱ्या मारल्यास. आणि सबंध दिवसात मला एकच गोष्ट विचारलीस, त्या कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीकडे बोट दाखवून, “ही पण न्यायची?” मी हो म्हटलं. तू ती मांडीवर घेऊन बसलास, रस्ताभर, माती सांडत.

मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या भावाने मला एका शब्दाने विचारलं नाही. कोरडा आहे म्हणून. त्या दिवशी फक्त तुलाच मला कसलं उत्तर द्यावं लागलं नव्हतं, हे मला आज, या खुर्चीत बसून सुचतंय.

कुंडी अजून आहे. तार बांधली आहे तिला.

आईला फोन कर.


१५ मार्च, घरून

दादा,

मागच्या रविवारी फोन वाजला तेव्हा आई पीठ मळत होती, हात धुवायचंही तिला सुचलं नाही. फोनला अजून पीठ आहे. मी बाल्कनीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला, म्हणजे मला चुकूनही ऐकू येणार नाही. टाकी रिकामी झाली. वरचे लोक भांडायला आले, ते मी निभावून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर पेटी होती. आई म्हणाली, “चौकशे, घेऊन जा. आत बघू नकोस असं मी म्हणणार नाही.” बघ म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. मी पेटी मागच्या सीटवर ठेवली, पुढे ठेवली असती तर हात गेला असता. दर सिग्नलला आरशात ती दिसत होती. पोस्टात त्या क्लार्कने वर न बघता नेहमीचं विचारलं. मी नेहमीचं लिहिलं, घरगुती सामान. त्याने शिक्का मारला. पावती आईला दिली तेव्हा तिने ती वाचली आणि डब्यात ठेवली, आणि त्या दिवशी मला दोनदा जेवायला वाढलं.

बसवाले कामावर गेले. डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. नवीन रिपोर्ट आला, तो तुझ्या हमालाने नेला, खुणेसकट. किल्ल्या मुलाकडून परत मिळायला आठवडा लागला म्हणे.

आणि आजचा फोन. आई बाल्कनीतून आली, दार उघडंच ठेवलं. “शनिवारी येतोय,” म्हणाली. मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “एकटा नाही.”

माझं तोंड उघडलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर कोण, किती, कुठून, कसं, असं सगळं एकदम उभं राहिलं, रांगेत, धक्काबुक्की करत. मी तोंड मिटलं. मग परत उघडलं आणि म्हटलं, “गाडी किती वाजता पोचते ते तेवढं विचारून ठेव.” आई म्हणाली, “सकाळी, पहिल्या गाडीने.” आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आजही पिठाचाच.

तेव्हा ऐक. शनिवारी मी स्टेशनवर असेन. टेस्टिंगवालीची मोठी गाडी मागून घेतली आहे, मागची सीट पाडता येते तिची. लिफ्टवाल्याला सांगून ठेवलंय. तुझी खोली पुसली, बाजूची माझी खोलीही रिकामी केली, मी आईजवळ झोपेन. उशा जास्तीच्या आहेत, लहान मोठ्या दोन्ही. तुझ्याबरोबर जे असेल, जे कुणी असेल, ते घेऊन ये. आत काही का असेना, मावेल.

डब्यातून खाली उतरू नकोस, मी वर येते. सामान मी उचलणार. तू फक्त बोट दाखव, आणि काही फुटकं असेल तर ते माझ्या मांडीवर दे.

या पत्रात एकही प्रश्न नाही. तपासून घे.

चौकशी